घोड्याच्या नाकापर्यंतची वाट

८ मे १९९५
वारा ईशान्येचा, बोचरा. बंदराच्या तोंडाशी अजून बर्फाचे तुकडे.

कॉडची मासेमारी सरकारने बंद केली त्याला आता चौथा उन्हाळा. तरी सकाळी उठलो की आधी वारा बघतो आणि इथे लिहितो, जन्माची खोड. पूर्वी वाऱ्यापुढे मासळी लिहायचो. मग वाऱ्यापुढे लिहायला काहीच उरलं नाही. आजपासून मिळालं. आम्हा रिकाम्या कोळ्यांना किनाऱ्याच्या कड्यावरून वाट कापायच्या कामावर घेतलंय. शहरातली माणसं येणार, सकाळी निघणार, कड्याकड्याने चालणार आणि संध्याकाळी परत जाणार म्हणे. कुठून कुठे चालायचं, कुठे थांबायचं, ते मी ठरवायचं, कारण गावात हा किनारा माझ्याइतका कुणाला पाठ नाही.

बायकोला, डल्सीला, सांगितलं तर चुलीपाशी हसत सुटली. म्हणाली, "समुद्राकडे नुसतं बघायला येणार? धरायचं काहीच नाही?"

"नुसतं बघायला."

"मग तूच बरा. तीन वर्षं तेच तर करतोयस."

१५ मे
वारा दक्षिणेचा. केपलिन, ती बोटभर मासळी, अजून किनाऱ्याला लागली नाही.

कामावर देखरेख करणारी बाई सेंट जॉन्सहून आली. जोन मर्सर नाव. पोर हुशार आहे आणि ऐकून घेते. तिने मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, "मिस्टर पार्डी, गावापासून दीपस्तंभाच्या टोकापर्यंत किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "तास, सव्वा तास. ओहोटी असेल तर जरा जास्त."

ती लिहायला लागली आणि थांबली. "ओहोटीचा काय संबंध?"

मागून सेल्बी, आमच्यातलाच एक तरुण कोळी, फिदीफिदी हसला. "बाई, काका होडीचा वेळ सांगतायत. पायी कुणी गेलंय कशाला तिकडे?"

खरंच की. सरपण आणायला झाडीत जायचं, बोरं वेचायला टेकडीवर जायचं, तेवढंच आमचं चालणं. कड्याच्या काठावर उभं राहायचं कारणच पडलं नाही कुणाला. मी हा किनारा अख्खा पाठ म्हणतो, पण पाण्यावरून. जमिनीवरून मी इथे पाहुणाच.

२३ मे
वारा पश्चिमेचा, मंद.

पाच भटकंत्या आखल्या. पहिली सोपी, म्हाताऱ्यांसाठी: चर्चमागून बोरांच्या टेकडीवर, खाली ओढ्याकाठी जाळ करून किटली चढवायची, चहा-पाव, आणि दुपारपर्यंत घरी. जोनला म्हटलं, प्रत्येक भटकंतीत किटलीची जागा आधी ठरवायची, वाट मागाहून. वारा अडेल असा खडक, पाणी जवळ आणि वाळकं लाकूड. ती म्हणाली, लोक थर्मास आणतात. म्हटलं, आणू देत बिचारे.

पाचवी सगळ्यात लांब, उत्तरेला. ती रेघ मी घोड्याचं नाक म्हणतात त्या कड्याच्या अलीकडे आत वळवली आणि पलीकडे परत काठावर आणली. जोनने बोट ठेवलं. "इथे आत का? नकाशावर तर हे सगळ्यात उंच टोक दिसतंय."

म्हटलं, दलदल आहे. पक्ष्यांची घरटी आहेत. वारा वाईट आहे.

"तिन्ही?"

"तिन्ही."

सेल्बी बाहेर निघून गेला होता.

२४ मे
वारा तोच.

सेल्बीच्या बायकोकडून रेघेची गोष्ट घरी पोचली. रात्री जेवताना डल्सीने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आल्फी, ती वाट काठावर ने."

म्हटलं, कशाला?

"मी कधी पाहिली नाही ना ती जागा."

घोड्याच्या नाकाखाली काळी मेग आहे. पाण्याखालचा खडक. भरतीला दिसत नाही, मोठी लाट आली तरच तिच्यावर फुटते. एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात आमचा मुलगा गारलंड तिथे गेला. होडीत सेल्बी बरोबर होता, तो वाचला. गारलंड सापडलाच नाही. कबरस्तानात त्याच्या नावाचा दगड आहे, खाली काही नाही. आमच्या इथे बायका होडीतून बंदराच्या बाहेर जात नाहीत, पूर्वीपासूनच नाही. म्हणजे डल्सीने त्या पाण्याचं नाव हजारदा ऐकलं आणि डोळ्यांनी एकदाही बघितलं नाही. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी तिथून कितीदा गेलो.

"मला होडीतून ने म्हणत नाही," ती म्हणाली. "पायी ने. माझे पाय आहेत अजून."

१ जून
धुकं. वारा नाही.

रेघ काठावर घेतली आणि घोड्याच्या नाकावरच संपवली. जोनने जुनी खोडून टाकली.

१९ जून
वारा नैऋत्येचा. लांब एक बर्फाचा डोंगर अडकून बसलाय.

उत्तरेची वाट कापायला लागलो. कुऱ्हाड, करवत, माश्या. सेल्बी म्हणाला, "काका, तिकडचा तुकडा तुम्ही करा. दलदलीवर फळ्या मी टाकतो." म्हटलं, दलदल कोण मागतं रे आपणहून? "मला चिखल आवडतो," म्हणाला. असेल.

डल्सीने नवीनच काढलंय. मी पाव करायला शिकायचा. पीठ मळताना माझ्या हातावर टपल्या मारते. "जाळी ओढतोयस का? हलक्या हाताने." म्हटलं, चार दशकं तूच करत आलीस, आता काय झालं? "तू रिकामा आहेस म्हणून." मासेमारी बंद झाल्यापासून या बायकांनी आम्हाला घरकामाला जुंपायचं ठरवलंय, दुसरं काय. पहिला पाव विटेसारखा झाला. काकवी लावून खाल्ला. ती दोन तुकडे खाऊन म्हणाली, छान आहे. खोटं बोलते.

११ जुलै
वारा दक्षिणेचा, ऊबदार.

वाट घोड्याच्या नाकावर पोचली. टोकावर दगडांचा ढीग रचला, मधे पांढरा रंग दिलेला वासा उभा केला. पाहुण्यांना लांबून दिसायला. मी एकटाच होतो. खाली वाकून बघितलं नाही. वासा नीट बसला का तेवढं बघितलं आणि आलो.

२९ जुलै
वारा पश्चिमेचा, अगदी मंद. पाणी काचेसारखं. असा दिवस वर्षात एखादा.

आज डल्सीला नेलं.

सकाळी दव असतानाच निघालो. पिशवीत किटली, पाव (माझा), खारवलेला मासा आणि टिनचं दूध. तिने रविवारचा निळा स्कार्फ बांधला होता. वाटेत बाईला एकदम फुलझाडांचं वेड लागलं. दर थोड्या वेळाने थांबायची. "हे बघ काय गोंडस आहे." मग बुटाची नाडी. मग परत एक झुडूप. घरापुढच्या वाफ्यात इतकी वर्षं बटाट्याशिवाय काही लावलं नाही आणि आता शेवाळ न्याहाळत उभी, एक हात छातीवर. म्हटलं, अशाने अंधार पडेल. म्हणाली, "तुझ्या पाहुण्यांनासुद्धा असाच हाकणार का?" मग ओढ्यापाशी मी मुद्दाम लवकर किटली चढवली, तेव्हा जरा रंग आला तिच्या तोंडावर.

टोकावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाशाला हात धरून उभी राहिली. मी बोट दाखवून सांगितलं, "ते बघ. त्या खालच्या कातळापासून सरळ बाहेर. तिथे मेग." पाणी इतकं शांत होतं की दाखवायला काही नव्हतं. निळं आणि त्याच्यापुढे निळं.

ती तिकडे बघत नव्हती. उत्तरेला बघत होती, घळीच्या पलीकडे, पुढच्या कड्याकडे. तिकडच्या कातळात गंजासारखी तांबडी रेघ आहे, वरपासून खालपर्यंत. मी परत म्हटलं, "डल्सी, इकडे. तिकडे नाही." ती "हं" म्हणाली आणि तिकडेच बघत राहिली. पाण्याची चकाकी डोळ्यांवर येत असेल म्हणून मी दोन पावलं सरकून आडोसा केला.

मग बोलता बोलता मीच खाली बसलो. सहा वर्षांत मी रडलो नव्हतो, ना चर्चमध्ये, ना दगड उभा केला तेव्हा. पुढचं लिहीत नाही. ती शेजारी बसली, माझी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोक्यावरून हात फिरवत राहिली, जसा पोराच्या फिरवतात. म्हणाली, "बरं झालं आलो."

परत यायला उशीर झाला. सेल्बी कंदील घेऊन निम्म्या वाटेवर उभा होता. तिला त्याने जवळजवळ उचलूनच आणली. वर तीच त्याची थट्टा करत होती, "बायकोला सांगेन हं, म्हातारीला मिठी मारत होतास."

३१ जुलै
वारा आग्नेयेचा.

डल्सी अंथरुणात. पाय दुखतायत म्हणते. साहजिक आहे. पाव मी केला.

१७ ऑगस्ट
वारा पश्चिमेचा.

हे लिहायला हात धजत नाही.

घोड्याच्या नाकाखाली उतरायला पायऱ्या करायच्यात, त्याच्या फळ्या होडीतून न्यायचं ठरलं. सेल्बीची होडी. बरेच दिवसांनी बाहेर पडलो, हातापायांना बरं वाटलं. उत्तरेला वळलो तशी मी सवयीने खुणा बघायला लागलो. मेगच्या दोन खुणा इथे शेंबड्या पोरालासुद्धा पाठ असतात: चर्चचा कळस बुटक्या टेकडीच्या खांद्यावर आला आणि त्याच वेळी उत्तरेची दोन बेटं एकमेकांपासून सुटली, की मेग पोटाखाली. कळस खांद्यावर आला. बेटं सुटली. सेल्बीने इंजिन मंद केलं, टोपी काढली. मीही काढली.

मग मी वर बघितलं, आपला पांढरा वासा कुठे दिसतोय म्हणून.

वासा नव्हताच.

वर तांबडी रेघ होती.

पाण्यावरून तो सगळा एकच कडा दिसतो. आमच्या बापजाद्यांनी त्याला एकच नाव दिलं, घोड्याचं नाक, कारण पाण्यावरून एकच नाक दिसतं. पण ती दोन आहेत, मधे घळ आहे, आणि घळ दिसायला जमिनीवरच जावं लागतं. माझी वाट पहिल्या नाकावर संपते. मेग दुसऱ्याखाली आहे. पहिल्यावरून मेग दिसतच नाही, दुसरं नाक आड येतं. मी बायकोला तेवढं चालवत नेलं आणि भलतंच पाणी दाखवलं.

सेल्बीला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"मी वर गेलोच नाही ना काका कधी." त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. "मला वाटलं तुम्ही बरोबर नेलं असेल. तुम्हाला सगळं माहीत असतं."

फळ्या उतरवल्याच नाहीत. तशाच परत आणल्या.

२० ऑगस्ट
वारा ईशान्येचा. पाऊस.

डल्सीला सांगितलं नाही. आता ती उठून चुलीपाशी बसते. आज तिने पाव भाजायचे मोठे पत्रे सेल्बीच्या बायकोला देऊन टाकले. म्हटलं, आपल्याला नकोत का? म्हणाली, दोन माणसांना लहान पुरतो. तिच्या चेहऱ्यावर समाधान आहे. ते कसं मोडू? आणि न सांगता तरी कसं राहू?

एकच मार्ग दिसतो. वाट पुढे न्यायची. घळ ओलांडून, दुसऱ्या नाकावर. मग तिला परत न्यायची आणि म्हणायचं, चल, आता जरा आणखी पुढे.

२४ ऑगस्ट
वारा उत्तरेचा.

जोन म्हणते, जमणार नाही. नकाशा छापायला गेला, काम सप्टेंबरअखेर संपतं. "मिस्टर पार्डी, घळीत पूल लागेल, पलीकडे सगळी दलदल. आणि वाट तर आताच टोकावर पोचलीय. आणखी पुढे न्यायचं कारण तरी काय लिहू?"

मी नकाशावर घळीपलीकडे बोट ठेवलं. सेल्बी दारात उभा होता. म्हणाला, "कारण मी सांगतो," आणि आत येऊन टेबलाशी बसला. होडी कशी उलटली, गारलंडने त्याला कसं वर ढकललं, त्या तांबड्या रेघेकडे बघत तो किती वेळ पोहला, सगळं सांगितलं. मी प्रथमच ऐकलं. कधी विचारलंच नव्हतं त्याला. त्याला बघितलं की मला एकच सुचायचं, की हा कसा आला आणि तो कसा नाही. आणि तो पोरगा सहा वर्षं मला काका म्हणत माझ्या दारात लाकडं फोडून टाकत होता.

जोनने नाक पुसलं आणि म्हणाली, नकाशाचं मी बघते. पूल तुम्ही बघा.

१२ सप्टेंबर
वारा पश्चिमेचा, गार.

घळीवर दोन ओंडके पडले. आता दलदल. सेल्बी रोज येतो. पलीकडच्या पहिल्या दिवशी तो पुलाच्या टोकाशी अडखळला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मी किटली चढवली. चहा झाल्यावर उठला. "चला," म्हणाला, "चिखल वाट बघतोय."

३० सप्टेंबर
वारा वायव्येचा.

सरकारी काम संपलं. जोन गेली. जाताना डल्सीने तिला विणलेले हातमोजे दिले. एक जोड सेल्बीला, एक त्याच्या बायकोला, आणि मला किती ते विचारू नका, कपाट भरलंय. म्हटलं, काय दुकान काढायचंय का? "हिवाळा लांबतो कधी कधी," म्हणाली.

दलदलीचा तुकडा बाकी आहे. आम्ही दोघं आपल्या हिशेबाने करतो.

१४ ऑक्टोबर
वारा बघितला नाही.

डल्सीला सेंट जॉन्सला हलवलं. हृदय. डॉक्टरने बरंच सांगितलं. मला एवढंच कळलं की ते फार दिवसांपासून आहे आणि तिला वसंतातच सांगितलं होतं. विचारलं, मला का बोलली नाहीस? म्हणाली, "मग तू नेलं असतंस का पायी?"

२६ ऑक्टोबर
वारा ईशान्येचा.

घरी आणली. खाट खिडकीशी लावली, बंदर दिसेल अशी. डॉक्टर म्हणाला, जिने नको, दगदग नको, आणि तिला हवं ते करू द्या. म्हणजे विश्रांतीने भरून येईल. जूनपर्यंत बसता-उठता यायला लागलं तर चौघं मिळून खुर्चीतून नेऊ. सेल्बी, त्याचे दोन मेहुणे आणि मी. ओंडक्यांच्या पुलावर जरा रुंद फळी टाकावी लागेल, ती आत्ताच टाकून ठेवावी.

आज तिला सांगितलं. रस्सा भरवता भरवता. म्हटलं, "डल्सी, मी तुला चुकीची जागा दाखवली."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी चमचा खाली ठेवला.

"सेल्बीने मला गारलंड गेला त्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. तांबडी रेघ. तुझा वासा बघितला आणि रेघ बघितली, लगेच समजलं. मी रेघेकडेच बघत होते, तू मधे येऊन उभा राहिलास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बसला होतास," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी एकदाचा बसला होतास. मी तुला उठवणार होते का?"

थोड्या वेळाने म्हणाली, "पण वाट पुरी कर. लोकांना भलतं पाणी दाखवू नकोस."

९ नोव्हेंबर
वारा उत्तरेचा, जोराचा. पहिला बर्फ भुरभुरला.

वाट संपली. वासा उपटून दुसऱ्या नाकावर नेला. सेल्बी खांद्यावर वासा आणि मी पाठीवर दगड, दोघं ओझ्याची गाढवं. दगड रचून झाले तेव्हा खाली बघितलं. आज लाट होती. मेग फुटत होती. आधी पाणी तिच्यावर दबतं, काळं होतं, मग सगळं एकदम पांढरं. परत काळं. वरून आवाज उशिरा पोचतो. सेल्बी काही वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "लहान आहे, काका. मला आठवते ती केवढी मोठी होती." मग तो बाजूला गेला आणि मला एकटं राहू दिलं.

घरी आलो. सेल्बीच्या बायकोने दिवा लावून ठेवला होता. डल्सी जागी होती. कोट काढायच्या आत म्हणाली, "सांग."

सगळं सांगितलं. घळ कशी आहे, पूल कसा बसला, वरून आपलं चर्च दिसत नाही पण धूर दिसतात. पाणी कसं काळं होतं आणि कसं फुटतं. खाली कड्याला पांढरे पक्षी असतात, ते आता गेलेत, वसंतात येतील. तांबडी रेघ पार पाण्यात उतरते, ओली झाली की आणखी लाल दिसते. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मधे मधे विचारत होती. खोल किती? म्हटलं, खडकाच्या बाजूने एकदम खोल. तळाला काय? वाळू, पांढरी, नांगरावर यायची तशी.

मग तिचा श्वास संथ झाला. मला वाटलं झोप लागली.

"आल्फी, पाणी फार गार असतं का तिथे?"

जन्मभर माझे हात त्या पाण्यात गेलेत. ऑक्टोबरात त्यात बोटं घातली की किती वेळात ती आपली राहत नाहीत, मला पुरतं ठाऊक आहे.

म्हटलं, "नाही. तिथे नाही. तिथे आडोसा आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि माझा हात पांघरुणात ओढून घेतला.